शेअरचा भाव आणि खाचराचा भाव

मुळशी तालुक्याची ओळख आज दोन गोष्टींनी होते. पश्चिमेला टाटांचे धरण, पूर्वेला हिंजवडीचे आयटी पार्क. एकावर लिहिणारे दुसऱ्याकडे सहसा पाहत नाहीत. मला मात्र दोहोंना जोडणारा एक प्रश्न बरीच वर्षे सतावतो आहे. नव्या तंत्रज्ञानाची किंमत ठरते कशी, आणि ती ठरवताना कोणाचे भविष्य हिशेबात धरले जाते?

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्या वाफेवर चालत. कोळसा लांबून, बंगालकडून येई. टाटांनी १९१० मध्ये जलविद्युत कंपनी काढली आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईला पोहोचली. गिरणीमालकांपुढे पेच होता: स्वतःचा बॉयलर ठेवावा की तारेतून येणारी वीज विकत घ्यावी? वीज सोयीची खरी. पण बॉयलर एकदा मोडीत काढला की मालक कायमचा गिऱ्हाईक. पुढे संगणकावर विंडोज बरे की लिनक्स, हा वाद रंगला, तोही याच जातीचा. वापरायला सोपे कोणते, हा अर्धाच प्रश्न. हात बसल्यावर बदलणे किती महाग पडते, हा उरलेला अर्धा. अशा बांधल्या गेलेल्या गिऱ्हाइकांच्या भरवशावरच गुंतवणूकदार आजच्या नफ्याहून कितीतरी जास्त भाव मोजतो.

१९१९ मध्ये टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली. नीला-मुळा संगमावर धरण बांधून पूर्वेकडे वाहणारे पाणी पश्चिमेला, सह्याद्रीखाली भिऱ्याला सोडायचे, अशी योजना होती. आंबेमोहोर पिकवणारी खाचरे बुडणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे प्रमुख नेते.

येथे १८९४ चा भूसंपादन कायदा नीट वाचला पाहिजे. भरपाई बाजारभावाने, वर सक्तीच्या संपादनाबद्दल १५ टक्के. मात्र चोविसाव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे, की संपादनानंतर जमिनीचा जो उपयोग होणार त्यामुळे वाढणारी किंमत हिशेबात धरायची नाही. म्हणजे कंपनीच्या शेअरचा भाव उद्याच्या विजेवर, आणि ती वीज देणाऱ्या खोऱ्याचा भाव कालच्या भातावर! त्यातही बरीच जमीन पुण्याच्या सावकारांच्या नावे होती. त्यांना भरपाई चालणार होती. कसणाऱ्या कुळाकडे विकायलाच काही नव्हते. सत्याग्रहात पडलेली फूट मला या हिशेबाशिवाय समजत नाही. १९२४ मध्ये रेल्वे अडवल्याबद्दल बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि १९२७ मध्ये भिऱ्याची वीज सुरू झाली.

आता हिंजवडी. १९८१ मध्ये पुण्यात जन्मलेल्या इन्फोसिसने १९९३ मध्ये ९५ रुपयांनी शेअर विक्रीला काढला, तेव्हा तो पुरता खपलाही नाही. २००० च्या आरंभी मात्र भारतीय सॉफ्टवेअर कंपन्यांचे शेअर नफ्याच्या शंभर पटींहून अधिक भावाने विकले जात होते. हे भविष्याचे खरे मोल की निव्वळ उन्माद, यावर तेव्हा जोरदार वाद झाले. अमेरिकेचा नॅस्डॅक निर्देशांक मार्च २००० मध्ये ५,०४८ वर गेला आणि ऑक्टोबर २००२ मध्ये १,११४ वर आला. भविष्याचा अंदाज चुकू शकतो, हे त्यातून दिसले.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. गुंतवणूकदाराला चुकण्याचा हक्क असतो. तो भविष्यावर बोली लावू शकतो, बुडू शकतो, पुन्हा उभाही राहू शकतो. २०१३ च्या नव्या कायद्याने ग्रामीण भरपाई पुष्कळ वाढवली, तरी बाजारभाव काढताना मागच्या तीन वर्षांचे व्यवहारही पाहिले जातात. जमीन देणाऱ्याला प्रकल्पाच्या उद्यात भागीदार करायचे की नाही, हा मुळशीने १९२१ मध्ये विचारलेला प्रश्न आहे. रकमा बदलल्या, प्रश्न तसाच उभा आहे.