मुखजीवाणू व प्रतिजैविकरोध

दात किडलेल्या किंवा हिरड्या पिकलेल्या माणसाच्या तोंडातील रोगकारक जीवाणू आणि प्रतिजैविक औषधांना दाद न देण्याची त्यांची क्षमता. माणसाच्या तोंडात आढळणाऱ्या जीवाणूंच्या ७०० हून अधिक जातींची नोंद झाली असून त्यांतील बहुतेक निरुपद्रवी आहेत. रोग सहसा उपरा जंतू शिरल्याने होत नाही, घरच्याच वस्तीचा तोल ढळल्याने होतो. दिवसभर गोड खाणे चालू राहिले की स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स फोफावतो व त्याने तयार केलेल्या आम्लाने दात किडतो. दात आणि हिरडी यांच्या फटीत थर साचला की ऑक्सिजनाविना जगणारे जीवाणू तेथे ठाण मांडतात. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस, टॅनेरेला फोर्सायथिया आणि ट्रेपोनेमा डेंटिकोला या तिघांना अमेरिकेतील सिग्मंड सोक्रान्स्की व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ‘लाल गट’ असे नाव दिले. ज्याला लोक पायोरिया म्हणतात, त्या रोगाच्या खोल फटींत हे त्रिकूट बहुधा एकत्र सापडते.

औषध का चालत नाही, याचे पहिले उत्तर तीन शतकांहून जुने आहे. डेल्फ्टच्या आंतोनी व्हान लेव्हेनहूकने १६८३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात दातांवरच्या पांढऱ्या थरातील हलणाऱ्या जिवांचे वर्णन केले. पुढे त्याने व्हिनेगरने चूळ भरून पाहिली. थर खरवडून त्यात व्हिनेगर मिसळले की जीव मरत. नुसत्या चुळीने मात्र वरचे तेवढे मरत, आतले जिवंत राहत. आज ज्याला जैवपटल म्हणतात त्याचे मर्म या साध्या प्रयोगात आहे. जीवाणू स्वतः स्रवलेल्या चिकट द्रव्यात रुतून बसतात, औषध आतपर्यंत पुरेसे झिरपत नाही आणि तळाचे जीवाणू इतके संथ जगतात की वाढत्या पेशींवर घाला घालणाऱ्या औषधाला त्यांच्यात फारसे लक्ष्यच सापडत नाही. म्हणून थर हाताने, उपकरणाने काढण्याला पर्याय नाही.

दुसरे उत्तर जनुकांत आहे. प्रेव्होटेला प्रजातीचे अनेक जीवाणू बीटा-लॅक्टमेज विकर बनवून ॲमॉक्सिसिलिनसारखी औषधे मोडून टाकतात. टेट्रासायक्लिनला दाद न देणारे टेट-एम जनुक टीएन-९१६ या फिरत्या डीएनए तुकड्यावर बसून एका जीवाणूतून दुसऱ्यात जाते. दाटीवाटीच्या थरात अशी देवघेव सोपी होते. ही देवघेव तोंडापुरती राहत नाही, हे अधिक गंभीर. न्यूमोनिया घडवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनीने पेनिसिलिनरोधाचे जनुकांश तोंडा-घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस मायटिससारख्या सौम्य शेजाऱ्यांकडून घेतले आहेत. रूट कॅनॉल फसलेल्या दातात पुष्कळदा सापडणाऱ्या एंटेरोकॉकस फीकॅलिसवर तर सेफॅलोस्पोरिन गटाची औषधे मुळातच चालत नाहीत.

रोधजनुके औषधयुगाच्या आधीपासून आहेत. जर्मनीतील डालहाइम येथील मध्ययुगीन सांगाड्यांच्या दातांवरील कीटणाचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आजच्या रोधजनुकांशी मिळतीजुळती जनुके आढळली. पेनिसिलिनचा शोध तेव्हा कित्येक शतके दूर होता. औषधांच्या वापराने ही जनुके जन्माला घातली नाहीत, बाळगणाऱ्यांना मोकळे रान मिळवून दिले.

दाढ ठणकू लागली की औषधाच्या दुकानातून प्रतिजैविकाच्या दोन-चार गोळ्या आणायच्या आणि ठणका थांबला की उरलेल्या डब्यात ठेवायच्या, ही आपल्याकडची नेहमीची रीत. भारतात ॲमॉक्सिसिलिन डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, तरी ही रीत चालते. दाताचा गाभा एकदा मेला की त्यात रक्तपुरवठा राहत नाही, म्हणून गोळी तेथे पोचतच नाही. तिचा मारा बसतो तो तोंडातील व आतड्यातील इतर जीवाणूंवर. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार, दंतोपचार लगेच मिळत असतील तर गाभ्याची सूज किंवा जागेपुरते गळू यांसाठी अन्यथा निरोगी प्रौढांना प्रतिजैविक देऊ नये.

ताप आला, सूज गळ्याकडे उतरू लागली, तोंड उघडेनासे झाले की गोष्ट वेगळी. जिभेखालच्या भागात दोन्ही बाजूंनी पसरणाऱ्या सुजेला लुडविग अँजायना म्हणतात. तीत श्वासमार्ग बंद होऊ शकतो. अशा रुग्णाचा श्वासमार्ग सांभाळतात, पू काढतात आणि शिरेवाटे प्रतिजैविक ताबडतोब सुरू करतात. पुवाचा नमुना संवर्धनासाठी पाठवला, तरी ऑक्सिजनाविना जगणारे जीवाणू सावकाश वाढतात व अहवालाला काही दिवस लागतात. तोवरचे औषध अंदाजाने निवडलेले असते.