न्यू ऑर्लिन्सच्या जॅझकडे वळताना

दर वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला, ऐन उकाड्यात, न्यू ऑर्लिन्समध्ये ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग ऊर्फ ‘सॅचमो’ यांच्या नावानं ‘सॅचमो समरफेस्ट’ भरतो. आर्मस्ट्राँग हयातभर आपला जन्म ४ जुलै १९०० चा सांगत आले. त्यांच्या मृत्यूनंतर, १९८०च्या दशकात, संशोधक टॅड जोन्स यांना चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदीत खरी तारीख सापडली: ४ ऑगस्ट १९०१. त्या हिशेबानं २००१ मध्ये जन्मशताब्दी आली आणि महोत्सव सुरू झाला. दप्तरातल्या एका ओळीनं उत्सवाचा दिवस ठरवला. या विषयात पहिलं पाऊल टाकणाऱ्याला मी म्हणूनच आधी या उत्सवाकडे बोट दाखवतो. अंगणात बँड वाजत असतात आणि आत जॅझ संग्रहालयात अभ्यासकांची व्याख्यानं चालू असतात.

इथे ऐकायला मिळतो तो पारंपरिक जॅझ, म्हणजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-अडीच दशकांत या शहरात घडलेली वादनपद्धती. कॉर्नेट किंवा ट्रम्पेट धून धरून ठेवतो. क्लॅरिनेट तिच्या वरच्या अंगानं द्रुत वेलबुट्टी काढत जातो. ट्रॉम्बोन खालून स्वर ओढत, घसरवत येतो. तिघंही एकाच वेळी उपज करत असतात! मुख्य कलाकार कोण आणि साथीला कोण, हे आपल्या मैफलीत ठरलेलं असतं. त्या सवयीच्या कानाला इथे आधी नुसता गलका ऐकू येतो. एकदा फक्त ट्रॉम्बोनवर कान ठेवावा, मग फक्त क्लॅरिनेटवर. तिसऱ्या खेपेला गलक्यातले धागे सुटे होतात.

अभ्यासाची खरी अडचण साधनांची आहे. जॅझची कथा ज्याच्यापासून सुरू करण्याचा प्रघात आहे, तो कॉर्नेटवादक बडी बोल्डन १९०७ मध्ये मनोरुग्णालयात दाखल झाला आणि १९३१ मध्ये वारला. त्याच्या वादनाची एकही तबकडी आज उपलब्ध नाही. जॅझची पहिली तबकडी १९१७ मध्ये निघाली, तीही न्यूयॉर्कमध्ये आणि गोऱ्या वादकांची. कृष्णवर्णीय कॉर्नेटवादक किंग ऑलिव्हर यांच्या बँडला, ज्यात तरुण आर्मस्ट्राँग दुसरा कॉर्नेट वाजवत, १९२३ पर्यंत थांबावं लागलं. मायक्रोफोन नव्हता, कर्ण्यासमोर उभं राहून वाजवायचं. मोठ्या ढोलाच्या दणक्यानं सुई उडायची, त्यामुळे बेबी डॉड्ससारख्या ढोलवादकाला लाकडी ठोकळ्यांवर भागवावं लागे. तीनेक मिनिटांत तबकडी संपे. केवळ तबकड्यांवर विसंबून लिहिलेल्या इतिहासात ताल दुबळा दिसतो. दोष यंत्राचा, वादकांचा नाही.

तो ताल ऐकायचा तर मिरवणुकीत शिरायला हवं. महोत्सवाच्या रविवारी ट्रेमे वस्तीतल्या, १८४१ पासूनच्या सेंट ऑगस्टिन चर्चमध्ये जॅझसह प्रार्थना होते आणि तिथून मिरवणूक निघते. पुढे बँड, मागे छत्र्या आणि रुमाल नाचवत चालणारी माणसं. हीच ‘सेकंड लाइन’. दर दुसऱ्या आवर्तनाच्या चौथ्या मात्रेवर मोठा ढोल जोरात पडतो आणि पावलं त्यावर उचलली जातात. ढोलांचं दुसरं रूप अंत्ययात्रेत दिसतं. जाताना संथ भजन, छोट्या ढोलाच्या तारा सैल केलेल्या. निरोप देऊन झाला की तारा पुन्हा ताणतात, ढोल कडाडतो आणि जलद चाल सुरू होते. शोक आणि नाच यांना असं एका दिवसात बसवणारी संगीतपरंपरा मला थोर वाटते.

१९५८ मध्ये ट्युलेन विद्यापीठानं जुन्या वादकांच्या मुलाखती टेप करायला घेतल्या, तेव्हा या अभ्यासाला भक्कम पाया मिळाला. १९६१ मध्ये ‘प्रिझर्व्हेशन हॉल’ सुरू झाला आणि म्हाताऱ्या वादकांना हक्काची जागा मिळाली. पण परंपरा टिकली कुणामुळे, असं विचाराल तर मी बँजोवादक डॅनी बार्कर यांचं नाव घेईन. १९७०च्या सुमारास त्यांनी फेअरव्ह्यू चर्चमध्ये वस्तीतल्या पोरांचा ब्रास बँड उभा केला. पुढे नव्या ब्रास बँडांची पिढी निघाली, तिच्यातले कितीतरी वादक तिथे शिकलेले.

मराठी वाचकाचा कान या विषयाला अगदीच नवखा नाही. गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चोकोलेट मुंबईत आर्मस्ट्राँगच्या शैलीत वाजवत आणि सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’च्या (१९५१) संगीतातही त्यांचा हात होता. अशा गोवेकर वादकांची कागदपत्रं, फोटो, हातानं लिहिलेली नोटेशन्स तुमच्या घरी किंवा ओळखीत असतील, तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. एखाद्या ग्रंथालयापर्यंत, अभ्यासकापर्यंत पोहोचवा.