आठवड्याच्या टोंचणीचा पूर्वेतिहास

मधुमेहाच्या रोग्यानें दिवसांतून दोन-तीन वेळां सुई टोंचून घ्यावी, हें दृश्य श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं आपल्या घरच्या वडीलमाणसांच्या बाबतींत पाहिलें असेल. अलीकडे मधुमेह्यांना, आणि मधुमेह नसला तरी देह अतिस्थूल झालेल्यांनाही, डॉक्टर आठवड्यांतून एकदांच घ्यावयाचें इंजेक्शन लिहून देऊं लागले आहेत. तिरझेपटाइड हें असें औषध भारतांत २०२५ च्या मार्चमध्यें आलें, आणि वजनासाठीं दिलें जाणारें सेमाग्लुटाइड त्याच वर्षीं जूनमध्यें. वर्तमानपत्रांतील गाजावाजा वाचून हें औषध काल-परवां जन्मास आलें असा समज होतो. वस्तुतः त्याची वंशावळ सव्वाशें वर्षांची आहे, आणि त्या अवधींत शास्त्रज्ञांना सर्वांत अधिक छळलें तें औषध शरीरांत टिकवावें कसें या प्रश्नानें.

१९०२ सालीं लंडनमध्यें बेलिस व स्टार्लिंग यांनीं एका कुत्र्यावर प्रयोग करून असें दाखविलें कीं, आंतड्याच्या अस्तरांतून एक द्रव्य रक्तांत उतरतें व तें स्वादुपिंडास पाचकरस सोडावयास लावतें. मज्जातंतूंच्या मध्यस्थीवांचून एक इंद्रिय दुसऱ्यास रक्तामार्फत निरोप धाडतें, ही कल्पना नवी होती. अशा निरोप्यांना स्टार्लिंग यांनीं १९०५ मध्यें ‘हॉर्मोन’ हें नांव दिलें. लगेच १९०६ मध्यें लिव्हरपूलचे मूर व त्यांचे सहकारी यांनीं आंतड्याच्या अस्तराचा अर्क मधुमेह्यांस पाजून पाहिला. एखाद्याला गुण आल्यासारखें दिसलें, इतरांना आला नाहीं. दिशा बरोबर होती. परंतु तोंडानें घेतलेला असला नाजूक निरोप्या पोटांतच पचून जातो.

पुढें सोळा वर्षांनीं टोरांटो येथें जें घडलें त्यापुढें ही हकीकत विस्मृतींत गेली. ११ जानेवारी १९२२ रोजीं लेनर्ड थॉम्सन नांवाच्या चौदा वर्षांच्या मरणोन्मुख मुलाला स्वादुपिंडाचा अर्क टोंचण्यांत आला. तो अर्क अशुद्ध होता. कॉलिप यांनीं शुद्ध केलेला अर्क २३ तारखेस दिला, तेव्हां मात्र मुलाची साखर उतरली. बँटिंग, बेस्ट व कॉलिप यांनीं इन्शुलिनाच्या पेटंटाचे हक्क टोरांटो विद्यापीठास प्रत्येकीं एका डॉलरला देऊन टाकिले. आजच्या औषधांच्या किंमती पाहतां हें खरें वाटूं नये!

त्याच वर्षाच्या अखेरीस कोपनहेगनचे नोबेल-विजेते ऑगस्ट क्रोग टोरांटोस आले. त्यांच्या पत्नी मारी क्रोग स्वतः डॉक्टर, आणि स्वतः मधुमेहीही. क्रोग यांनीं इन्शुलिन करण्याची अनुज्ञा मिळवून ती विद्या डेन्मार्कला नेली. तथापि इन्शुलिनाचा परिणाम कांहीं तासांतच ओसरे, कीं पुन्हां सुई. क्रोग यांचे सहकारी हागेडॉर्न यांनीं १९३६ सालीं माशाच्या शुक्रापासून निघणारें प्रोटामिन नांवाचें प्रथिन इन्शुलिनांत मिसळलें. तेव्हां तें त्वचेखालून सावकाश झिरपूं लागलें आणि परिणाम लांबला.

आंतड्याची आठवण पुन्हां झाली ती १९६४ मध्यें. साखर शिरेंतून दिली तर स्वादुपिंड थोडेंच इन्शुलिन सोडतें, तोंडानें दिली तर कितीतरी अधिक, असें लंडनमधील मॅकिन्टायर प्रभृतींना आढळलें. तेव्हां अन्न आंतड्यांत पोंचतांच कोणी तरी स्वादुपिंडास वर्दी देत असलें पाहिजे. ह्या वर्दी देणारांपैकीं मुख्य असा एक सांपडण्यास आणखी वीस वर्षें लागलीं. बोस्टन येथें जोएल हेबनर यांच्या प्रयोगशाळेंत अँग्लर नांवाच्या माशाच्या जनुकांचा अभ्यास चालू असतां त्याचा माग लागला. मनुष्यांतील त्या द्रव्यास जीएलपी-१ म्हणतात. त्याचा नेमका कोणता तुकडा क्रियाशील, हें स्वेत्लाना मोयसोव्ह या विदुषींनीं बोस्टनमध्येंच उलगडलें. इतरांचा गौरव होत असतां त्यांचें नांव अनेक वर्षें मागें राहिलें. २०२४ मध्यें हेबनर व डेन्मार्कच्या लोटे ब्येरे क्नुडसेन यांच्याबरोबर त्यांना लास्कर पारितोषिक मिळालें.

निरोप्या सांपडला, पण तो रक्तांत दोनएक मिनिटेंच तग धरी. शरीरांतील एक एन्झाइम त्याचे तुकडे करी. असल्या औषधाचा उपयोग व्हावयाचा तर रोग्यानें दिवसभर शिरेंत नळी लावूनच बसावें! यांतून एक वाट दाखविली ती अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटांतल्या हीला मॉन्स्टर या विषारी सरड्यानें. न्यूयॉर्कचे जॉन एंग यांना १९९२ सालीं त्याच्या विषांत जीएलपी-१ शीं सुमारें निम्में साम्य असलेलें, परंतु लवकर न तुटणारें द्रव्य मिळालें. त्यापासून झालेलें एक्झेनाटाइड अमेरिकेंत २००५ मध्यें मान्य झालें. तें दिवसांतून दोनदां घ्यावें लागे.

क्नुडसेन व त्यांचे सहकारी यांनीं मानवी द्रव्यालाच स्निग्धाम्लाची शेपटी जोडली. ती रक्तांतील अल्ब्युमिन या प्रथिनास चिकटते, आणि त्या मोठ्या सोबत्याच्या आश्रयानें औषध एन्झाइमाच्या तडाख्यांतून वांचतें. अशा रीतीनें झालेलें लिराग्लुटाइड दिवसाकांठीं एकदां पुरलें. पुढें सुधारलेल्या सेमाग्लुटाइडाचा निम्मा अंश शरीरांतून जाण्यास सुमारें सात दिवस लागतात. २०१७ च्या डिसेंबरांत त्यास अमेरिकेंत मधुमेहासाठीं परवानगी मिळाली. इतर साप्ताहिक औषधें त्यापूर्वींही निघालीं होतीं. परंतु क्रोग-हागेडॉर्न यांच्या परंपरेंतील कारखान्यानेंच हें करावें, यांत एक औचित्य आहे.

हें द्रव्य मेंदूंतील भुकेच्या केंद्रांवरही काम करतें. म्हणून वजन उतरतें. वजनावरील औषधांची पूर्वकीर्ति मात्र वाईट. १९३३ नंतर अमेरिकेंत खपलेल्या डायनायट्रोफेनॉलनें कित्येकांना मोतीबिंदु झाला, कांहीं दगावले. फेन्फ्लुरामीन हृदयाच्या झडपांत दोष उत्पन्न होतो असें दिसून आल्यामुळें १९९७ मध्यें मागें घ्यावें लागलें. साहजिकच नव्या औषधाकडे लोक साशंकतेनें पाहत. २०२१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या १,९६१ जणांच्या चांचणींत सेमाग्लुटाइड घेणारांचें वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के घटलें, औषधरहित सुई घेणारांचें २.४ टक्के. मधुमेह्यांच्या निराळ्या चांचणींत ही घट ९.६ टक्के भरली.

या औषधाची पहिली मात्रा अवघी पाव मिलिग्रॅम असते. चार आठवडे ती तशीच चालवून मग पायरीपायरीनें वाढवितात. पाव मिलिग्रॅमनें साखर किंवा वजन फारसें उतरावें अशी अपेक्षाच नसते. पोटाला संवय व्हावी, मळमळ व ओकारी कमी व्हावी, एवढाच हेतु. पहिल्या महिन्यांत निराश होऊन मात्रा आपल्या मनानें वाढविणारे येथेंच फसतात, कारण जें औषध आठवडाभर टिकतें त्याचा त्रासही आठवडाभर टिकूं शकतो. ज्यांच्या स्वादुपिंडांत इन्शुलिन मुळींच होत नाहीं, त्यांना तर हें इन्शुलिनाच्या जागीं चालत नाहीं.

आणि औषध थांबविलें म्हणजे? त्याच मोठ्या चांचणींतील कांहीं जणांवर औषध बंद झाल्यानंतर वर्षभर लक्ष ठेवण्यांत आलें, तेव्हां घटलेल्या वजनापैकीं सुमारें दोन-तृतीयांश परत आलेलें दिसलें. शेवटच्या सुईनंतर पांच-सात आठवडे औषधाचा अंश रक्तांत राहतो. मग भूक हळूहळू आपल्या पूर्वीच्या जागीं येते.