पुळण नसलेल्या बेटाची युक्ती

मधुचंद्राच्या जाहिरातीत एक खोली हमखास असते: निळ्याशार पाण्यात खांबांवर उभी, झावळ्यांनी शाकारलेली. पलंगावरून उठायचं, चार पायऱ्या उतरायच्या की थेट समुद्र. सागरी सुट्टीतली ही सर्वांत महाग खोली ज्या बेटावर जन्मली, तिथे धड पुळणसुद्धा नव्हती.

ते बेट फ्रेंच पॉलिनेशियातलं रायाटेआ. गोष्ट सुरू होते ताहितीशेजारच्या मोरेआ बेटावरच्या व्हॅनिलाच्या मळ्यात. १९६०च्या सुमारास कॅलिफोर्नियातले तीन मित्र – जे कार्लाइल, डॉन ऊर्फ ‘मक’ मॅकॅलम आणि ह्यू केली – हा मळा घेऊन बसले. व्हॅनिला म्हणजे भलतंच नखरेल पीक. फूल जेमतेम एक दिवस उमलतं आणि तिथे त्याचं परागीभवन करणारी माशी नाही, त्यामुळे एकेक फूल हाताने फळवावं लागतं. मळ्याने हात दिला नाही, तेव्हा तिघे हॉटेलाच्या धंद्यात उतरले. हॉटेलाचं नाव ‘बाली हाय’, म्हणून हे ‘बाली हाय बॉईज’.

वेळ मात्र त्यांना अचूक साधली. तोवर ताहितीला पोचायला बोट, नाहीतर पाण्यावर उतरणारं विमान. १९६१ मध्ये ताहितीतल्या फाआला धावपट्टी झाली आणि जेट विमानं येऊ लागली. १९६२ मध्ये मार्लन ब्रँडोचा, ताहितीत चित्रित झालेला ‘म्युटिनी ऑन द बाऊंटी’ आला. ज्या जहाजावरच्या बंडाची ही कथा, ते १७८८ मध्ये ताहितीला आलं होतं ते नीरफणसाची रोपं न्यायला. वेस्ट इंडीजमधल्या मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात पोसायची ती सोय होती. बंडखोरांनी पुढे ही रोपं समुद्रात फेकून दिली. तव्यावर नीरफणसाची कापं परतणाऱ्या मालवणी आणि गोवेकरी वाचकांना हा भाग विशेष लागेल.

मोरेआवर बस्तान बसल्यावर तिघांनी रायाटेआला हॉटेल काढलं आणि तिथे अडले. गिऱ्हाईक येणार वाळूत लोळायला, आणि इथे वाळूच नाही. पण बेटाभोवती प्रवाळाचं कडं होतं. खुल्या समुद्राच्या लाटा त्या कड्यावर फुटतात आणि आतलं पाणी तळ्यासारखं निवांत राहतं. अशा पाण्यात खांब रोवता येतात. १९६७ मध्ये त्यांनी स्थानिक पद्धतीच्या तीन झोपड्या खांबांवर चढवून थेट पाण्यात नेल्या. पुढे अशा खोल्यांच्या जमिनीत काचही बसवू लागले. खाली फिरणारे मासे घरबसल्या दिसायचे. त्या काचेला गमतीने ‘ताहिती टीव्ही’ म्हणतात.

पाण्यावर घर बांधणं यात नवं काहीच नव्हतं. ब्रुनेईतलं कांपोंग आयेर हे अख्खं गाव शतकानुशतकं खांबांवर उभं आहे. पण तिथली माणसं संसारासाठी पाण्यावर राहतात. काही न करण्यासाठी पैसे मोजून पाण्यावर राहायचं, ही कल्पना मात्र बाली हायवाल्यांची.

आणि काही न करताना भूक फार लागते. फ्रेंच पॉलिनेशियातल्याच बोरा बोरा बेटावरच्या हॉटेलांत सकाळची न्याहारी फुलांनी सजवलेल्या होडीतून खोलीच्या दाराशी येते. थाट छान, पण तिथलं खरं खाणं मला दुपारच्या ताटात दिसतं. ‘इआ ओता’ म्हणजे ताज्या कच्च्या ट्यूनाचे तुकडे. त्यांना मीठ, लिंबाचा रस, काकडी-टोमॅटो आणि वरून नारळाचं घट्ट दूध. लिंबाच्या आंबटाने मासा वरवर पांढुरका होतो, चूल पेटवावीच लागत नाही. ट्यूना मिळतो कड्याबाहेरच्या खोल समुद्रात. प्रवाळातल्या काही माशांत सिग्वाटॉक्सिन नावाचं विष साठतं, शिजवूनही ते जात नाही, म्हणून कुठल्या जागेचा कुठला मासा खायचा हे कोळ्यांना विचारूनच ठरतं. काचेखाली दिसला तो ताटात आला, असं होत नाही.

रायाटेआची युक्ती पुढे मालदीवने उचलली. तिथे पहिलं रिसॉर्ट, कुरुंबा, १९७२ मध्ये निघालं. त्या देशात पांढऱ्या वाळूला तोटा नाही. तोटा आहे तो जमिनीचा. बेट एवढंसं, मग खोल्या वाढवायच्या कुठे? पाण्यावर. एका लाकडी पुलाला दोन्ही बाजूंनी खोल्या फुटत गेल्या. खांब रोवताना प्रवाळ मोडतं, सावलीत ते नीट वाढत नाही, शिवाय प्रत्येक खोलीचं सांडपाणी नळाने बेटावर परत आणावं लागतं. जाहिरातीतल्या फोटोत तो नळ कधी येत नाही. आपल्याकडे लक्षद्वीपमध्ये, मिनिकॉय, कदमत आणि सुहेली इथे, अशाच पाण्यावरच्या खोल्यांचा सरकारी प्रस्ताव आहे.

रायाटेआवर मात्र आजही तुलनेने कमीच गर्दी होते. बहुतेक पर्यटक पुढे बोरा बोराला जातात. तिथे पाण्यावरच्या खोल्याही आहेत आणि पुळणही.