पेंचकाठचे तंबू

मराठीत माणसाच्या तात्पुरत्या निवाऱ्याला किती शब्द आहेत, याचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. सैन्य उतरते ती छावणी. सरदाराचा तो डेरा, साहेबाचा तंबू, शिपायाची राहुटी. वारकऱ्यांचा मुक्काम असतो. आणि ज्याला गावकुसाच्या आत कोणी उतरू देत नाही, अशा भटक्याचे असते ते पाल. कापड तेच आणि बांबूही तेच. शब्द मात्र आत कोण निजतो त्याप्रमाणे बदलत जातो. गेल्या हिवाळ्यात नागपूरच्या उत्तरेस सुमारे ७० किलोमीटरवर, पेंच राष्ट्रीय उद्यानाच्या सिल्लारी प्रवेशद्वारापाशी आम्ही दोन रात्री काढल्या, तेव्हा हे शब्द मनात घोळत होते. आमच्या निवाऱ्याला तेथे सर्वजण ‘कॅम्प’ म्हणत होते.

पेंच ही काही मोठी नदी नव्हे. छिंदवाड्याकडील सातपुड्याच्या पठारावर तिचा उगम होतो. अरण्यातून वाट काढीत ती नागपूर जिल्ह्यात उतरते आणि कामठीजवळ बिना येथे कन्हानला मिळते. कोलारही तेथेच येऊन मिळत असल्यामुळे त्या स्थळाला त्रिवेणीचे महत्त्व आले आहे. कन्हान पुढे वैनगंगेत विलीन होते. विदर्भाचा उन्हाळा सोसलेल्या वाचकांना या नदीचा स्वभाव वेगळा सांगावयास नको. एप्रिल सरता सरता अरण्यातील तिचा मूळ प्रवाह थांबतो. पात्रात वाळू आणि तापलेले खडक उघडे पडतात, दोन्ही काठांवरची सागाची झाडे निष्पर्ण उभी असतात, आणि एखाद्या वाळवंटात आल्याचा भास होतो. उरतात ते डोह. वाघ, सांबर, माणूस, सर्वांनी अशा दिवसांत या डोहांच्याच आधाराने जगायचे. तोतलाडोह हे नाव आज धरणाचे म्हणून प्रसिद्ध असले, तरी त्या नावात असा एक डोह आहे.

या नदीच्या वाटेवर इंग्रजी अमलातला पहिला मोठा तळ पडला तो तिच्या शेवटच्या टोकाला. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला. पुढे १८२१ मध्ये कन्हानच्या उजव्या काठी इंग्रजांनी आपल्या फौजेची कायमची छावणी वसवली. तीच कामठी. ‘कॅम्प’ या शब्दावरूनच कामठी झाले, असे पुष्कळ जण सांगतात. आम्हाला ही व्युत्पत्ती अंमळ जास्तच सोयीची वाटते. फौज मद्रासेची असल्यामुळे तिच्यामागून तमिळ आणि तेलुगु बोलणारी कुटुंबे आली. फौजेतील आयरिश शिपायांमुळे कॅथलिक धर्मगुरूही आले. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ साली स्थापन झाला, पण त्याच्या कितीतरी आधी या तळावर आपली उपासना सुरू होती. म्हणजे आपल्या या भागातील समाजाचा इतिहासही एका नदीकाठच्या तळापासूनच सुरू होतो, हे मान्य करावयास हवे. सैन्याने पाहता पाहता तंबू मोडून बराकी बांधल्या, बाजार वसला आणि गाव झाले. त्या जागेवरून उठा, असे त्या तळाला कोणीही म्हटले नाही.

दुसरा तंबू मुलकी अंमलदाराचा. १८६१ साली मध्यप्रांताची निर्मिती झाली आणि नागपूर त्याची राजधानी झाले. पावसाळा संपून थंडी पडू लागली की जिल्ह्याच्या साहेबाने दौऱ्यावर निघावे, असा परिपाठ होता. त्याच्याबरोबर तंबूंचे दोन जोड असत. एकात साहेब निजलेला असताना दुसरा बैलगाड्यांवर लादून रातोरात पुढच्या मुक्कामी जाई, म्हणजे सकाळी घोड्यावरून दौडत आलेल्या साहेबाला न्याहारी तयार मिळे. तंबू ठोकणाऱ्या नोकरांना खलाशी म्हणत. समुद्रावरचा शब्द सातपुड्याच्या रानात असा येऊन पोचला होता! गाड्या, लाकूडफाटा, दूध, कोंबड्या, चारा हे सारे जवळच्या गावांनी पुरवायचे. त्याला कागदावर रसद म्हणत. गावकऱ्यांच्या तोंडी बहुधा वेठ हाच शब्द असे.

या जीवनाचे वर्णन रॉबर्ट आर्मिटेज स्टर्नडेल याने १८७७ साली प्रसिद्ध केलेल्या एका कादंबरीवजा ग्रंथात सापडते. सिवनी आणि सातपुड्यातील तंबूंचे जीवन असाच त्या ग्रंथाच्या नावाचा आशय आहे. शिकार, शेकोटीभोवतीच्या गप्पा, पहाटेचे धुके, गोंड वाटाडे, सारे त्यात आहे. किपलिंगने १८९४ साली ‘जंगल बुक’ लिहिले तेव्हा सिवनीच्या रानाचे चित्र उभे करताना त्याला या ग्रंथाचा उपयोग झाला. तो स्वतः या रानात आला नव्हता. आज पेंचला येणारा जो तो मोगलीचे नाव घेतो, स्टर्नडेलचे कोणी घेत नाही. आणि स्टर्नडेलचे सामान वाहणाऱ्याचे नाव तर त्याच्या काळीही कोणी विचारले नसावे.

तंबूत राहणारे सगळेच शिकारी नव्हते, हेही सांगितले पाहिजे. स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले. त्यांचा पंथ आपला नव्हे, पण त्यांची गोंडांविषयीची आस्था निर्विवाद होती. गावोगाव मुक्काम करून त्यांनी गोंडी शब्द टिपले आणि लिंगोची गाथा परधानांच्या तोंडून लिहून घेतली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहून बोरीकडे परतताना, पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केली. ज्यांच्या भूमीत आपण तळ ठोकला त्यांचे म्हणणे ऐकून ते लिहून ठेवणारा माणूस त्या काळी विरळाच.

कारण त्याच सुमारास त्या भूमीची मालकी बदलत होती. १८६५ आणि १८७८ च्या कायद्यांनी जंगल सरकारचे झाले. गवत कापणे, मोळी बांधणे, गुरे चारणे या नित्याच्या गोष्टींना परवाना लागू लागला. १९३० च्या जुलैत लोकनायक अण्यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात पेंचच्या अरण्याच्या कडेला, सिवनी जिल्ह्यातील टुरिया येथे, राखीव जंगलातील गवत कापून आदिवासींनी सत्याग्रह केला आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. तीन स्त्रिया आणि एक पुरुष ठार झाले. मुड्डोबाई, रेनोबाई, देभोबाई आणि बिरजू ही त्यांची नावे. निरनिराळ्या ठिकाणी ती निरनिराळ्या तऱ्हेने लिहिलेली आढळतात. त्या टुरियाला आज मध्यप्रदेशच्या बाजूचे प्रमुख प्रवेशद्वार आहे, आणि रस्त्याच्या दुतर्फा हौशी प्रवाशांसाठी उत्तमोत्तम तंबू उभे आहेत.

महाराष्ट्राकडील अरण्य १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९९ मध्ये व्याघ्र प्रकल्प. पलीकडचे अरण्य १९८३ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि १९९२ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले. याच मधल्या काळात तोतलाडोहचे धरण बांधून पूर्ण झाले. त्यावर १६० मेगावॅटचे वीजगृह आहे. वीजगृहातून सुटलेले पाणी खाली नवेगाव खैरीच्या तलावात येते, आणि तेथून नागपूरकरांच्या नळाला. जलाशयाखाली दोन्ही राज्यांची मिळून सुमारे ७० चौरस किलोमीटर जमीन गेली. वरच्या बाजूची आदिवासी गावे उठली. खालच्या बाजूला धरणाच्या मजुरांसाठी वसवलेली तोतलाडोहची वसाहत काम संपल्यावरही पूर्णपणे मोडली नाही. तेथे राहिलेली माणसे मासेमारीवर जगू लागली. हेच रहिवासी आता कायद्याच्या भाषेत अतिक्रमक ठरले.

मासेमारीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मध्यप्रदेश शासनाने ३०५ विस्थापितांना जलाशयात मासे धरण्याचे परवाने दिले होते, त्यास पर्यावरणवाद्यांनी हरकत घेतली. १९९७ साली न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत, परंतु अटी घातल्या. प्रत्येकाजवळ छायाचित्रासह ओळखपत्र असावे, बेटांवर कोणी जाऊ नये, आणि काठावर स्वयंपाकासाठी किंवा अन्य कारणासाठी विस्तव पेटवू नये. अरण्याला वणव्याचे भय असते, म्हणून ही अट आम्हाला अवाजवी वाटत नाही. चोरट्या मासेमारीने आणि शिकारीने वन कर्मचाऱ्यांना किती त्रास झाला, हेही नाकारता येणार नाही. पण दिवसभर जाळे ओढून आलेल्या माणसाने त्या थंडीत, आपल्याच बुडालेल्या शेताच्या काठी, चूल न पेटवता बसायचे, ही गोष्ट आपण नागपूरकरांनी नळ सोडताना एकदा तरी डोळ्यांसमोर आणावी. महाराष्ट्राच्या बाजूची तोतलाडोहची वसाहत २००२ साली उठवण्यात आली.

आता पेंचची ख्याती आकाशासाठीही झाली आहे. २०२४ च्या जानेवारीत महाराष्ट्रातील पेंचला आंतरराष्ट्रीय अंधार-आकाश उद्यानाचा मान मिळाला. भारतातील हे पहिले आणि आशियातील पाचवे. जवळच्या गावांतील रस्त्यांवरचे दिवे त्यासाठी बदलून, उजेड जमिनीकडेच पडेल असे करण्यात आले. जगातील असे पहिले उद्यान २००७ साली अमेरिकेच्या यूटा राज्यातील वाळवंटी प्रदेशात घोषित झाले. तिकडे कोलोरॅडोसारख्या नद्यांच्या कड्यांवर राज्य सरकारांची उद्याने आहेत, आणि कुटुंबेच्या कुटुंबे तंबू घेऊन तारे पाहावयास जातात. त्या वाळवंटातील नाव्हाहो लोकांना मात्र १८६४ मध्ये अमेरिकन सैन्याने शेकडो मैल चालवत नेऊन न्यू मेक्सिकोतील पेकोस नदीच्या काठी डांबून ठेवले होते. नदीकाठचा तोही तळच होता. चार वर्षांनी, १८६८ च्या तहाने, ते आपल्या भूमीत परतू शकले.

सिल्लारीच्या दुसऱ्या रात्री आकाश निरभ्र होते. आकाशगंगा इतकी स्पष्ट आम्ही लहानपणानंतर प्रथमच पाहिली. आमच्याबरोबरचा वाटाड्या जवळच्याच गावचा, पंचविशीतला, हुशार तरुण होता. पक्ष्यांची इंग्रजी नावे त्याला मुखोद्गत होती. नदीतील डोहांची नावे विचारली तेव्हा त्याने तीन-चार सांगितली आणि थांबला. बाकीची आजोबांना येत असत, तो म्हणाला. पण ते डोह आता पाण्याखाली आहेत, त्यामुळे कोणी विचारीत नाही. सांगितलेली नावे आम्ही वहीत उतरवून घेतली. शेकोटी विझत आली होती, आणि नियमाप्रमाणे दहाच्या आत ती विझवायची होती. त्याने तीवर पाणी ओतले.