हर्ड: पस्तीस वर्षं शिजणारं कर्नल

ठाकुर्लीजवळ सिग्नल बिघडला की बदलापूरपर्यंत सगळं ठप्प. पारंपरिक कर्नलची गत साधारण हीच: फायली, नेटवर्क, ड्रायव्हर्स, सगळे एकाच रुळावर. एक ड्रायव्हर लटकला की अख्खं मशीन बसलंच म्हणून समजा.

हर्डवाल्यांना नेमकं हेच नको होतं. रिचर्ड स्टॉलमनने १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला. कंपायलर, एडिटर वगैरे बरंच काही तयार झालं, पण कर्नल राहिलं. कार्नेगी मेलन विद्यापीठाचं 'माख' हे मायक्रोकर्नल मोकळ्या परवान्यावर मिळेल म्हणून थांबण्यात काही वर्षं गेली. शेवटी १९९० मध्ये काम सुरू झालं. मुख्य रचनाकार थॉमस बुशनेल. (स्टॉलमनने कर्नलला मैत्रिणीचं, अ‍ॅलिक्स, हे नाव ठरवलं होतं. बुशनेलला हर्ड आवडलं!)

कल्पना मात्र झकास. माखने निरोप पोचवायचे. फाइल सिस्टीम वेगळा प्रोग्रॅम, नेटवर्क वेगळा, ओळख तपासणारा तिसराच. एक पडला तर तेवढाच पुन्हा चालू करायचा. शिवाय साध्या युजरलाही रूटचा पासवर्ड न मागता एफटीपी सर्व्हर स्वतःच्या फोल्डरसारखा जोडता येतो. हे 'ट्रान्सलेटर' प्रकरण मला आजही भारी वाटतं.

मग घोडं अडलं कुठे? तर निरोपांतच. डझनभर प्रोग्रॅम एकमेकांना कधीही निरोप धाडणार, तेव्हा चूक नक्की कुठे झाली हे शोधणं महाकठीण. ज्याने मल्टिथ्रेडेड कोड डीबग केलाय त्याला वेगळं सांगायला नको. तेवढ्यात ऑगस्ट १९९१ मध्ये लिनस टॉरवॉल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या फिनलंडच्या पोराने आपल्या कर्नलची घोषणा केली. रचना जुन्या वळणाची, पण चालायची. १९९२ मध्ये ते जीपीएलखाली आलं आणि ग्नूची जमलेली सगळी मंडळी त्यावर जाऊन बसली. खरं सांगायचं तर हर्डची गरजच संपली.

तरी ते मेलं नाही. दोन हजारच्या दशकात माख सोडून एल-४ वर जायचा प्रयत्न झाला, तो फसला. ०.९ ही आवृत्ती डिसेंबर २०१६ ची. (१.० अजून नाही, हसू नका.) ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन ग्नू/हर्ड ६४ बिटवर आलं, डेबियनची सुमारे ७२ टक्के पॅकेजेस घेऊन. मूठभर स्वयंसेवक, बहुतेकांची दिवसा दुसरी नोकरी. यांना कुणी डेडलाइन दिली नाही, हे त्यांचं नशीब की दुर्दैव, यावर आमच्या डब्यात कर्जत लोकल गाठेपर्यंत वाद चालू शकतो.