अक्षरओळखीपूर्वींचें पुस्तक

वाढदिवस किंवा दिवाळी जवळ आली म्हणजे सुशिक्षित घरांतून एक प्रश्न हमखास निघतो. मूल तीन-चार वर्षांचें आहे, त्याला अजून वाचतां येत नाहीं. तर त्याच्यासाठीं कोणतें पुस्तक घ्यावें? उत्तर बहुधा एकच मिळतें: अंकलिपी. हें उत्तर आपल्या ओठांवर इतक्या सहज कां येतें, हें समजण्यास मराठी बालपुस्तकांच्या इतिहासांत थोडें मागें जावें लागेल. तेथें असें दिसतें कीं, वाचणाऱ्या मुलाची चिंता आपल्या वाङ्मयानें लवकर वाहिली. न वाचणाऱ्या मुलाची दखल मात्र फार उशिरां घेतली.

युरोपांत कोमेनियस या शिक्षणशास्त्रज्ञानें १६५८ सालीं मुलांसाठीं एक सचित्र पुस्तक काढलें. चित्रांतील वस्तूंना त्यानें आंकडे घातले आणि तेच आंकडे मजकुरांतील शब्दांनाही दिले. वस्तु आधीं डोळ्यांनीं पाहावी, मग तिचें नांव शिकावें, हें त्याचें सूत्र. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तंजावरास सरफोजीराजांच्या आश्रयानें इसापाच्या नीतिकथा मराठींत छापल्या गेल्या. १८८१ सालीं विनायक कोंडदेव ओक यांनीं 'बालबोध' मासिक सुरू केलें. १९०६ सालीं वासुदेव गोविंद आपटे यांनीं 'आनंद' काढलें. या दोघांचे उपकार मोठे. परंतु हीं मासिकें वाचतां येणाऱ्या मुलांसाठीं होतीं. रंगीत चित्रें छापणें त्या काळीं महाग होतें. प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा करावा लागे आणि तोच कागद यंत्रांतून पुनःपुन्हां काढावा लागे. गिऱ्हाईक थोडें, म्हणून खर्च भरून येईना. ज्याला चित्रावांचून पुस्तक म्हणजे कांहींच नाहीं, तें लहान मूल त्यामुळें बाजूला राहिलें.

आमच्या अहमदपूरची स्थिति तर आणखी निराळी. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत. राज्यकारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. १९५६ पर्यंत हा तालुका बीदर जिल्ह्यांत मोडत असे. पुण्यामुंबईचें मासिक येथें टपालानें एखाद्या घरीं आलें तर आलें. बाकीच्या मुलांचें पहिलें आणि पुष्कळदां शेवटचें सचित्र पुस्तक म्हणजे अंकलिपी. तिनें गरिबाच्या घरीं अक्षर नेलें, हें ऋण मान्यच आहे. पण तिच्यांत चित्र हें अक्षराचें चाकर असतें. औताचें चित्र 'औ'साठीं. तें औत कोण धरतो, कोणत्या शेतांत जातो, पाऊस आला म्हणजे काय करतो, हें कोणी सांगत नाहीं.

वास्तविक चित्र वाचण्याची विद्या आपल्या मातीला नवी नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथांत चित्रें दाखवून कथा सांगणाऱ्या चित्रकथकाचा उल्लेख आहे. आणि हें कल्याणी आमच्या त्या जुन्या बीदर जिल्ह्यांतलेंच. पुढें चित्रकथी रामायण-महाभारतांतील प्रसंगांचीं रंगविलेलीं पानें एकामागून एक उभीं धरून कथा सांगत. अशा चित्रांना पैठणचें नांव मिळालें. कुडाळजवळच्या पिंगुळीस ही परंपरा जिवंत आहे. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. ऐकणाऱ्याला अक्षर येत नसे. समोर चित्र असे आणि कानांवर माणसाचा आवाज. लहान मुलाच्या चित्रपुस्तकाचें काम याहून वेगळें तें काय? येथें चित्रकथी म्हणजे आई-बाप किंवा आजी-आजोबा, एवढेंच.

स्वातंत्र्यानंतर वाट हळूहळू मोकळी झाली. १९५७ सालीं दिल्लीस नॅशनल बुक ट्रस्ट आणि शंकर यांचा चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट या दोन्ही संस्था निघाल्या. सोव्हिएत देशांतून मराठींत छापून आलेलीं स्वस्त रंगीत पुस्तकें १९९१ च्या सुमारास बंद होईपर्यंत अनेक घरांत पोंचलीं. १९७१ च्या नोव्हेंबरांत बालभारतीनें 'किशोर' सुरू केलें. त्याचाही वाचक थोडा मोठाच. अगदीं लहानग्यांसाठीं स्वतः लिहून स्वतःच चित्रें काढण्याचें काम मराठींत माधुरी पुरंदरे यांनीं मनापासून केलें. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनानें काढलेल्या त्यांच्या 'राधाचं घर' या संचांत राधा आपल्या घरांतील माणसांची ओळख करून देते. त्यांत उपदेश नाहीं, नुसतें घर आहे. त्यांचें 'चित्रवाचन' घ्यावें आणि एकेका पानावर मुलालाच बोलूं द्यावें. २००४ सालीं स्थापन झालेल्या प्रथम बुक्सचीं मराठी पुस्तकें अल्प किंमतीचीं आहेत. त्यांच्या 'स्टोरीवीव्हर' या २०१५ पासूनच्या संकेतस्थळावर तीं विनामूल्यही वाचावयास मिळतात.

पुस्तक निवडतांना तीन गोष्टी पाहाव्या. शब्दांनीं सांगितलेलें तेवढेंच चित्रांत नसावें, त्याहून कांहीं अधिक असावें. मुलाला ओळखीचें असें कांहीं त्यांत सांपडावें. बालाघाटावरच्या मुलाला बर्फ अवश्य दाखवावें, पण ज्वारीचें कणीस आणि पोळ्याचा बैलही दाखवावा. आणि पुस्तक शंभर वेळां मागितलें तरी वाचणाऱ्याला कंटाळा येऊं नये.

पहिलीच्या वर्गांत पस्तीस वर्षें शिकवितांना मला दोन प्रकारचीं मुलें भेटलीं. नवें पुस्तक हातीं दिलें कीं एक विचारी, "गुरुजी, पुढें काय झालं?" दुसरें विचारी, "गुरुजी, हें पाठ करायचं का?" बुद्धि दोघांची सारखीच. पहिल्याच्या घरीं कोणी तरी त्याला मांडीवर घेऊन चित्रें दाखविलेलीं असत. दुसऱ्याच्या घरीं चौथ्या वर्षींच पाटी-पेन्सिल हातीं देऊन गिरवणें सुरू झालेलें असे. तो दुसरा पुढें परीक्षा उत्तीर्ण होई, परंतु परीक्षा संपली कीं पुस्तक मिटून ठेवी.

अक्षर सहाव्या वर्षींही येतें. पुस्तकाची गोडी मात्र इतकी वाट पाहात नाहीं. म्हणून येत्या दिवाळींत अंकलिपी घ्या, पण तिच्याबरोबर एक चित्रांचें पुस्तकही घ्या, आणि रोज रात्रीं दिवा मालविण्यापूर्वीं दहा मिनिटें मुलाशेजारीं बसून तें दोघांनीं मिळून वाचा.